पुठ्ठा आणि बुरशीच्या इमारती खरंच टिकतात का, की नुसता दिखावा असतो?

काही टिकतात आणि काही टिकण्यासाठी बांधलेल्याच नसतात. मी आर्किटेक्ट आहे. असलं काही नवं साहित्य दिसलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: पाण्याचं काय?

पुठ्ठाच घ्या. २०११च्या भूकंपात न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दगडी कॅथीड्रलचा मनोरा कोसळला. मग शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टने पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून तात्पुरतं कॅथीड्रल बांधलं. ते २०१३ साली खुलं झालं; आत सुमारे ७०० माणसं बसतात. कापडाचा तागा गुंडाळतात तसलीच नळी, फक्त खूप मोठी. ताग्याची रिकामी नळी उभी करून वरून दाबून बघा, दाद देत नाही. तीच पाण्यात भिजली की लगदा. म्हणून वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे टणक प्लास्टिकचं, छप्पर आहे. कौतुकाच्या लेखांत सहसा न येणारी गोष्ट म्हणजे त्या नळ्यांच्या पोटात लाकडी तुळया आहेत. म्हणजे सगळा भार काही पुठ्ठा पेलत नाही. मला यात लबाडी वाटत नाही, पण ‘कागदाची इमारत’ म्हणून मिरवताना एवढं सांगायला हवं.

बुरशीचं उलट. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘हाय-फाय’ नावाचा मनोरा उभारला होता. मक्याच्या धाटांचा भुगा साच्यात भरायचा, त्यात बुरशीचे तंतू वाढू द्यायचे, भुगा बांधला गेला की वाळवायचं, झाली वीट. अशा सुमारे १०,००० विटा लागल्या. मनोरा एका उन्हाळ्यापुरताच होता. नंतर विटांचं खत करायचं हे आधीच ठरलेलं. त्याला ‘टिकला नाही’ म्हणणं अन्यायाचं.

माझा आवडता प्रयोग मात्र लाकडाचा आहे. दमट हवेत दार फुगून चौकटीत अडकतं, हा लाकडाचा जुना दोष. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या आखिम मेंगेस या आर्किटेक्टने त्याच दोषाला कामाला लावलं. २०१३च्या ‘हायग्रोस्किन’ या त्यांच्या छोट्या मंडपात लाकडाच्या पातळ पाकळ्या आहेत. हवा कोरडी असली की त्या उघडतात, पाऊस आला की मिटतात. मोटार नाही, सेन्सर नाही, वायर नाही. सुचलं कुठून, तर पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाच्या शंकूवरून. तोही अशीच उघडमीट करतो.

खरं वाटेना म्हणून मी व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याचा, एक पातळ तुकडा ओल्या तळहातावर ठेवून पाहिला. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे खालची बाजू पसरली आणि दोन्ही कडा हळूहळू वर उचलल्या गेल्या. वाळल्यावर तुकडा परत सपाट झाला, पण पुरता नाही. एक कोपरा अजून जरासा वर आहे. मंडपातल्या पाकळ्यांना हीच उघडमीट रोज करायची असते. टिकण्याबद्दल विचारायचंच, तर मी त्या कोपऱ्याबद्दल विचारेन.