आई शाकाहारी, बाबा मटण खाणारे : तुर्की रेस्तराँत न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच अमेरिकेत आलेत. आई अंडंसुद्धा खात नाहीत, बाबांना मटण आवडतं पण बीफ चालत नाही. ऑफिसजवळ डाउनटाउनमध्ये तुर्की आणि मेडिटेरेनियन जेवणाचं एक रेस्तराँ आहे. त्यांना तिथे न्यावं का, आणि नेलं तर मागवावं काय?

जरूर न्या. इटालियन आणि मेक्सिकनच्या आधी न्या. मी चौदा वर्षं न्यू जर्सीत राहते. घरी भारतातून कुणी आलं की जेट लॅग उतरल्यावर पहिलं बाहेरचं जेवण आमचं तुर्कीच असतं. मात्र तुर्की म्हणजे कबाब असं धरून गेलात, तर आईंच्या वाट्याला हमस आणि काकडी-टोमॅटो एवढंच येईल. या जेवणाचा जीव भाज्यांत, डाळीत आणि दह्यात आहे. आपल्या माणसांना ते परकं वाटत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आधी माझ्याकडून काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडून ते होणार नाही. आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी तिच्यासाठी मसुराचं सूप आणि भात मागवला. यात काय असणार, म्हणून विचारलंच नाही. अर्धा भात संपल्यावर मी वाढणाऱ्या मुलाला सहज म्हटलं, भाताला एवढी चव कशाने येते? तो कौतुकाने म्हणाला, चिकनचं पाणी, रोज ताजं काढतो आम्ही. आईने चमचा खाली ठेवला. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. त्या मुलाची काही चूक नव्हती. तुर्की स्वयंपाकात तांदूळ लोण्यात परतून चिकनच्या पाण्यात शिजवणं अगदी सर्रास आहे, आणि कुणी विचारल्याशिवाय ते सांगायचं त्यांना सुचतही नाही.

म्हणून दुपारी, गर्दी नसताना, रेस्तराँला फोन करा. 'व्हेजिटेरियन आहे का' एवढंच विचारू नका, कारण वर मांस दिसत नसलं की बरेच जण हो म्हणतात. नेमकं विचारा : सूप आणि भात कशाच्या पाण्यात शिजतात? द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत खिमा आहे की नुसता तांदूळ? ही पानं दोन्ही तऱ्हांनी होतात. गरम आणि वर दही घालून येतात त्यात बहुधा खिमा असतो. गार येतात त्यांत तांदूळ, बेदाणे, चिलगोजे आणि पुदिना. दुधी भोपळ्याच्या वड्यांसारखे दिसणारे म्युजवेर झुकिनीचे असतात, पण त्यात अंडं हमखास पडतं. चीज घातलेल्या पिदेवरही, म्हणजे नावेच्या आकाराच्या भरलेल्या पावावरही, काही ठिकाणी अंडं फोडतात. भाज्यांच्या सळ्या कबाबाच्याच निखाऱ्यावर भाजतात, ते आईंना चालणार नसेल तर ती डिश सोडून द्या. आणि गोडात 'तावुक ग्योसू' असं नाव दिसलं तर सावध व्हा. दिसायला ती दुधाची मऊ पांढरी खीर, पण त्यात कोंबडीच्या छातीचं मांस तंतू तंतू करून घोटलेलं असतं. नावाचा अर्थच तो आहे.

एवढं विचारून झालं की आईंसाठी निर्धास्तपणे मागवायचा पदार्थ म्हणजे इमाम बायल्दी. नावाचा अर्थ 'इमाम बेशुद्ध पडला'. कुणी म्हणतात चवीने, कुणी म्हणतात घरातलं किती तेल यात संपलं ते ऐकून. लांबट वांगं घेतात, साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलतात, म्हणजे एक पट्टा जांभळा, एक पांढरा. मग पोटाला चीर देऊन आत भरपूर परतलेला कांदा, लसूण आणि टोमॅटो भरतात, आणि ऑलिव्ह तेलात ते इतकं मऊ शिजवतात की चमच्याने तुटतं. आपल्या भरल्या वांग्यातून दाण्याचं कूट आणि गोडा मसाला काढून घेतला तर जे उरेल, त्याची ही लांबची बहीण. यात एकच गोष्ट आईंना आधी सांगून ठेवा : हे गारच येतं. ऑलिव्ह तेलातल्या भाज्यांचा तिथे वेगळा वर्गच आहे, झेयतिनयाअली म्हणतात त्याला. त्या शिजवून निवू देतात, कधी आदल्या दिवशीच करून ठेवतात, म्हणजे चव मुरते. तुपासारखं हे तेल थिजत नाही, त्यामुळे गार खाताना तोंडात चिकटत नाही. आमच्याकडे एका पाहुण्यांनी शिळं आणलं समजून ते परत पाठवलं होतं. गरम करून आणलं तेव्हा त्याची सगळी मजा गेली.

याच वांग्याचा जुळा भाऊ म्हणजे कार्नियारिक. दिसायला हुबेहूब, पण पोटात खिमा. मेन्यूवर दोन्हींपुढे 'स्टफ्ड एगप्लांट' एवढंच लिहिलेलं मी पाहिलंय. तेव्हा तुर्की नावानेच मागवा.

वांग्याला तुर्कीत पात्लिजान म्हणतात. भाषेचे जाणकार हा शब्द फारसीतून मागे नेत नेत आपल्या संस्कृतपर्यंत आणतात. वांगं आपल्याकडून तिकडे गेलं, आणि त्यांनी त्याचं केवढं कोडकौतुक केलं ते तुम्हाला या टेबलावर दिसेल. (आई चातुर्मास पाळत असतील तर मात्र हा बेत कार्तिकी एकादशीनंतर ठेवा. कांदा, लसूण आणि वांगं वगळून तुर्की जेवण मागवणं मला तरी कधी जमलेलं नाही.)

सुरुवातीला मेझे मागवा, म्हणजे मध्ये ठेवून सगळ्यांनी पावाबरोबर खायच्या छोट्या बशा. हायदारी घ्याच. श्रीखंडासाठी आपण चक्का टांगतो तसंच घट्ट दही, साखरेच्या जागी लसूण, पुदिना आणि शेपू. आईंना शेपूचा वास लगेच ओळखू येईल. जाजिक म्हणजे आपली काकडीची कोशिंबीर, थोडी पातळ. एझ्मे म्हणजे टोमॅटो, कांदा, मिरची आणि कोथिंबिरीसारखी पार्सली बारीक चिरून केलेली तिखट चटणी. बाबांना तिखट हवं असेल तर हीच वाटी त्यांच्याजवळ सरकवा, कारण बाकी जेवण सातारकरांना मिळमिळीत वाटू शकतं. मसूर आणि बुलगुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, एकत्र मळून केलेले मेर्जिमेक क्योफ्ते मिळाले तर सोडू नका, नावात कोफ्ता असला तरी त्यात मांस नसतं. सूप शाकाहारी निघालं तर तेही घ्या : लाल मसूर, कांदा आणि गाजर घोटून केलेलं, आणि वरून लोण्यात तांबडी मिरची तापवून ओतलेली. वरून फोडणी दिलेल्या आमटीवर लिंबू पिळावं, तसंच लागतं. प्यायला आयरान, म्हणजे मीठ घातलेलं घट्टसर ताक.

पाव बहुतेक ठिकाणी न मागताच येतो. आणि इथे एक सांगते, टेबल सांगतानाच भट्टी दिसेल असं मागा. दुसऱ्या वेळी आईला नेलं तेव्हा आम्ही तशा टेबलावर बसलो होतो. भटारी लांब लाकडी फळीवरून लवाश आत सरकवायचा, आणि दोन-अडीच मिनिटांत तो उशीएवढा टम्म फुगून बाहेर यायचा, वर काळे तीळ. आईने वरचा पापुद्रा बोटाने फोडला, आतली वाफ चेहऱ्यावर घेतली आणि म्हणाली, पदर सुटलाय छान. भाकरी करणाऱ्या बाईची ती पावती होती. पहिल्या वेळचं सगळं तिथे पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

'मेडिटेरेनियन' या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकेत तुर्की, लेबनीज, ग्रीक, सगळेच ही पाटी लावतात. मेन्यूत लाहमाजुन, पिदे, इस्केन्देर, एझ्मे असेल तर मुदपाकखाना तुर्की आहे. फलाफल आणि तबुलेच पुढे पुढे असतील तर तो बहुधा अरबी वळणाचा. तीही जेवणं उत्तमच, फक्त मग मी वर सांगितलेलं बरंचसं तिथे मिळणार नाही.

आता बाबा. तीन शब्द पाठ करा : कुझू म्हणजे मेंढीचं कोकरू, दाना म्हणजे वासरू, तावुक म्हणजे कोंबडी. डोनेर, म्हणजे उभ्या सळईवर फिरणारं मांस, इथे बऱ्याचदा बीफचं किंवा मिश्रणाचं असतं. इस्केन्देर त्याच डोनेरचं करतात, त्यामुळे बाबांसाठी तेही विचारल्याशिवाय नको. अदाना कबाब मुळात मेंढीच्या मांसाचा. मांस आणि शेपटीची चरबी मोठ्या बाकदार सुरीने हातानेच बारीक करायची, तांबडी मिरची घालायची आणि रुंद सळईवर थापायची. पण परदेशात त्यातही बीफ मिसळतात, तेव्हा 'फक्त लॅम्ब आहे का' असं स्पष्ट विचारा. कुझू शिश, म्हणजे कोकराच्या मांसाचे अख्खे तुकडे, यात सहसा फसगत नाही. माझी पसंती मात्र हुंक्यार बेअेन्दीला : निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं दूध-चीज घालून केलेलं भरीत आणि त्यावर कोकराचं मऊ शिजलेलं मटण. भरीत आणि मटण एका ताटात ही कल्पना ऐकूनच माझे सासरे खूश झाले होते.

एक घाई टाळा. मेझे निम्मे संपेपर्यंत कबाब सांगू नका. नाहीतर सगळं एकदम येतं, बाबांचं मटण गार होतं आणि आई अवघडून बसतात.

गोडात क्युनेफे, आणि तेही सांगितल्याबरोबर, कारण ते ताजं करायला वीसेक मिनिटं लागतात. शेवयांसारख्या बारीक कादाइफच्या दोन थरांमध्ये बिनमिठाचं चीज, खालून-वरून खरपूस, आणि त्यावर पाक. गरम असतानाच खायचं, गार झालं की चीज रबरासारखं होतं. गोडातलं चीज हे ऐकून आई आधी नाही म्हणतील, तरी एक घास भरवाच. चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध फाडायला घालतात तो कधी कधी वासराच्या जठरातून काढलेला अर्क, चालत नसेल तर बाक्लावा घ्या, पण त्याच्या पिठात अंडं नाही ना ते आधी विचारा. आंतेप, म्हणजे तुर्कस्तानातलं गाझिआंतेप शहर, तिथल्या बाक्लाव्याला युरोपियन युनियनने २०१३ साली भौगोलिक मानांकन दिलं, तुर्कस्तानच्या पदार्थांत ते पहिलं. अस्सल आंतेपचा बाक्लावा साजूक तुपातला असतो, आणि चिरोटे करणाऱ्या हातांना त्याचे पदर मोजावेसे वाटतात. चहा बिनदुधाचा येतो, काचेच्या कमरेत बारीक पेल्यात. बाबांनी कॉफी मागवली तर साखर किती ते आधीच सांगायचं, आणि तळाचा गाळ प्यायचा नाही.

बिल मागताना 'हेसाप' म्हणा. आपला हिशेब आणि त्यांचा हेसाप अरबीतून आलेला एकच शब्द आहे. आणि जेवण आवडलं तर आईंना 'एलिनिझे साअलिक' म्हणायला शिकवा, म्हणजे 'तुमच्या हातांना आरोग्य लाभो'. स्वयंपाक करणाऱ्याला म्हणायचे हे शब्द. माझ्या आईने ते भटाऱ्याला म्हटले तेव्हा त्याने पिठाचा हात छातीवर ठेवून मान झुकवली, आणि आणखी एक लवाश कागदात गुंडाळून दिला.

उरलेली हायदारी टाकू नका, बांधून घ्या. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहते. सकाळी आईंना थालीपीठ लावायला सांगा आणि लोण्याच्या गोळ्याशेजारी ती वाढा.