नेमकी कोणती नस दबली?

प्रश्न : महिनाभर उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येतात. डॉक्टरांनी मान तपासली आणि ‘नस दबली आहे’ म्हणाले. पण मनगटावरच्या निळ्या नसा दोन्ही हातांवर सारख्याच दिसतात. मग रक्त अडलंय कुठं? हाताला मालीश केलं तर नस मोकळी होईल का?

उत्तर : रक्त कुठंच अडलेलं नाही. घोटाळा ‘नस’ या शब्दाचा आहे. रक्त काढताना ‘नस सापडत नाही’, पोटरीत गोळा आला की ‘नस चढली’, आणि मान धरली की ‘नस दबली’. पहिली म्हणजे शीर. दुसरी नसच नव्हे, तो आखडलेला स्नायू. तिसरी मज्जातंतू, मेंदू आणि शरीर यांच्यात खबर नेणारी-आणणारी. डॉक्टर तिसरीबद्दल बोलले आणि तुम्ही पहिली शोधत बसलात.

अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट जरासं आत वाकवा. मधोमध एक दोरी ताठ उभी राहील. (काहींच्या हातात ती जन्मतःच नसते, त्यानं काही अडत नाही.) ती कंडरा, स्नायूची ओढ पुढं पोचवणारी. निळ्या रेषा शिरांच्या. अंगठ्याच्या बाजूला बोटाखाली उडते ती रोहिणी, हृदयाकडून रक्त आणणारी. आणि मज्जातंतू? तो त्या दोरीच्या जरा खाली, किंचित अंगठ्याकडे सरकून दडलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही.

शवविच्छेदनाच्या टेबलाशी पहिल्या वर्षी मी नेमका तोच कापला होता, कंडरा समजून. दोन्ही पांढरे! सरांनी न रागावता शेजारची कंडरा चिमट्यानं ओढली. मृतदेहाचं बोट वाकलं. मग मी कापलेलं टोक ओढलं. काही हललं नाही. पुढं शिकवायला लागल्यावर प्रत्येक तुकडीला मी हेच करून दाखवत आलो. आपण तरी कशाला लाजायचं, ग्रीक ‘न्यूरॉन’ शब्दाचाही जुना अर्थ कंडराच होता. मज्जातंतू वेगळे ओळखण्याचं श्रेय अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस या ग्रीक वैद्याला देतात, इसवी सनापूर्वी 300च्या सुमारास.

आता तुमची मान. कोपराचं आतलं हाड कशावर आपटलं की झिणझिण्या करंगळीत जातात, हे तुम्ही अनुभवलं असेल. मार एकीकडे, तक्रार दुसरीकडे. मानेत मणके 7, पण तिथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या 8. त्यातल्या सहाव्या जोडीचा तंतू अंगठ्याकडची खबर वर नेतो. मणक्यांमधली चकती सरकली किंवा हाड वाढलं की तो मुळाशीच दाबला जातो आणि मुंग्या अंगठ्यात येतात. मनगट चोळून मानेतला दाब कसा हटणार? बरं वाटलं तर खुशाल चोळा. मान मात्र कुणाकडूनही कडाकडा मोडून घेऊ नका.

अशाच मुंग्या मनगटातला तंतू दाबला गेला तरी येतात, त्या बहुधा रात्री झोपेतून उठवतात. तुमच्या कधी वाढतात, रात्री की मान वळवल्यावर, हे डॉक्टरांना सांगा. आणि हातातून वस्तू निसटायला लागल्या किंवा चालताना पाय लटपटले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.