प्रेप स्कूल की ज्युको? आधी सोळा विषयांची यादी काढा

ताई, इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. मुलगा न्यू जर्सीत बारावीला आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनवर (चेंडूवाल्याला वाचवणाऱ्या दणकट खेळाडूंच्या फळीत) खेळतो. एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा गट) कॉलेजच्या कोचने तोंडी ऑफर दिली आहे, पण सोळा कोर विषयांचा (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय) जीपीए, म्हणजे ४पैकी सरासरी, २.१च्या आसपास अडकलाय आणि पहिल्या वर्षापासून खेळायला २.३ लागतो. कोच म्हणतात, वर्षभर प्रेप स्कूलला (बारावीनंतर कॉलेजच्या तयारीसाठी एक वर्ष काढायची खासगी शाळा, बऱ्याचदा मिलिटरी पद्धतीची) जा नाहीतर ज्युनिअर कॉलेजला म्हणजे ज्युकोला, मग बघू. मिलिटरी शिस्तीत पोरगा सुधारेल म्हणून त्याच्या बाबांचा ओढा प्रेप स्कूलकडे आहे, आणि ज्युकोला गेला की वाया गेला अशी तुम्हाला धास्ती वाटते. (हे ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, बारावीनंतरचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज.)

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे आणि फुटबॉलवाल्या मुलांची ट्रान्सक्रिप्ट्स (गुणपत्रकं) दरवर्षी माझ्या टेबलावर येतात. माझं मत आधीच सांगते: ज्या दुखण्यासाठी लोक प्रेप स्कूलची भरमसाट फी भरतात, ते दुखणं बहुतेक वेळा आता तिथे बरं होतच नाही.

पूर्वी होत असे. एडी जॉर्जला त्याच्या आईने व्हर्जिनियातल्या फोर्क युनियन मिलिटरी अकॅडमीत घातलं, तो तिथे एक वर्ष जास्त राहिला, पुढे ओहायो स्टेटकडून १९९५ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकला. लॅरी फिट्झजेराल्ड व्हॅली फोर्ज मिलिटरी अकॅडमीतून पिट्सबर्गला गेला. त्या काळात बारावीनंतरच्या वर्षात राहिलेले विषय भरून काढता येत, एसएटी ही प्रवेश परीक्षा पुन्हा देता येई. मग पैसे घेऊन मार्क वाटणाऱ्या बोगस 'प्रेप स्कूल्स'चा बोभाटा झाला आणि २००७मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) दार जवळपास बंद केलं. डिव्हिजन वनसाठी हायस्कूल चार वर्षांत वेळेवर संपवायचं, आणि त्यानंतर जास्तीत जास्त एकच कोर युनिट (एक वर्षभराचा विषय) धरलं जाणार. २०१६पासून आणखी एक कुलूप बसलं: सोळापैकी दहा कोर विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्यातले सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे, आणि त्या दहांचे ग्रेड नंतर बदलत नाहीत. २०२३मध्ये एसएटी-एसीटीची अटच गेली, म्हणजे परीक्षेसाठी प्रेपला जाण्याचं कारणही संपलं.

आता हे तुमच्या मुलाला लावून बघा. नेमके आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून नमुन्यादाखल घेते. समजा, हायस्कूल संपेपर्यंत सोळा कोर विषय होतील आणि त्यांचे गुण भरतात ३४ (ए म्हणजे ४, डी म्हणजे १). ३४ भागिले १६ म्हणजे २.१२५. २.३ गाठायला ३७ गुण लागतात, म्हणजे तीन कमी पडले. बारावीनंतर मिळणाऱ्या त्या एका युनिटात डी असलेला एखादा विषय पुन्हा करून ए आणला तर १चे ४ होतात आणि बेरीज बरोबर ३७ होते. बी आणला तर ३६, म्हणजे २.२५, आणि मुलगा तिथेच. आणि तो डी जर कुलूपबंद दहांतला असेल तर ए आणूनही काही हलत नाही. हे सगळं प्रेप स्कूलच्या एका पूर्ण वर्षासाठी! तोच एक विषय एनसीएएच्या मंजूर यादीतल्या समर स्कूलमध्ये किंवा ऑनलाइन करता येतो. यादी मात्र नीट तपासा. शाळेच्या पदवीला चालणारे 'क्रेडिट रिकव्हरी'चे झटपट कोर्स एनसीएए मान्य करेलच असं नाही, आणि ते जूनमध्ये कळून उपयोग नसतो.

याच्याही आधी बघायची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. सोळा विषय पूर्ण आहेत आणि जीपीए २.० ते २.३च्या मध्ये आहे, असा मुलगा डिव्हिजन वनमध्ये 'अकॅडेमिक रेडशर्ट' म्हणून थेट जाऊ शकतो. पहिल्या वर्षी सामना खेळता येत नाही, पण स्कॉलरशिप मिळते, पहिल्या सत्रात सराव करता येतो आणि त्या सत्रात ९ क्रेडिट (कॉलेजात विषय मोजण्याचं माप) पास केली की सराव पुढे चालू राहतो. लाइनमनला बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी तसंही अंग भरायलाच बसवून ठेवतात. कोचनी हा पर्याय का काढला नाही, हे त्यांना सरळ विचारा. एक कारण मी समजू शकते: २०२५च्या कोर्ट सेटलमेंटनंतर त्यात सामील कॉलेजांच्या संघावर १०५ खेळाडूंची मर्यादा आली, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) तयार खेळाडू मिळत असताना न खेळणाऱ्या मुलावर जागा अडवायला कोच राजी नसतात. तसं असेल तर तोंडी ऑफरची किंमत काय, तेही तिथेच कळेल.

आता ज्युको. वाया जाण्याची भीती मला मान्य नाही. जाक्वान ब्रिस्कर स्क्रँटनच्या लॅकवाना कॉलेजातून पेन स्टेटला आणि तिथून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला. कॉर्डरेल पॅटरसन तर आधी एका प्रेप स्कूलला गेला, त्यानंतर कॅन्ससच्या हचिन्सन कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली, मग टेनेसी, मग एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्याच फेरीत नाव. पण ही चमकलेली नावं झाली. मुलं अडकतात ती मैदानावर नाही, क्रेडिटच्या हिशोबात. 'नॉन-क्वालिफायर' (एनसीएएची सोळा विषय आणि २.३ची अट पूर्ण न केलेला) म्हणून ज्युकोला गेलेल्या मुलाला डिव्हिजन वनला जायचं तर तिथली पदवी घ्यावी लागते, किमान तीन सत्रं पूर्णवेळ काढावी लागतात, २.५ जीपीए आणि ट्रान्सफर होणारी ४८ क्रेडिट लागतात, त्यात इंग्रजीची ६, गणिताची ३, विज्ञानाची ३. सत्राला १२ धरली तर चार सत्रांत काठोकाठ ४८. एक विषय नापास झाला की संपलं. गणितात कच्चा मुलगा आधी रेमेडियल वर्गात बसतो, त्या वर्गाची क्रेडिट या ४८मध्ये येत नाहीत, आणि हे पालकांना दुसऱ्या वर्षी उमगतं. शिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश करताना निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग झालेला लागतो, म्हणजे हाताला लागतील ते विषय घेऊन भागत नाही. सत्राला १५ क्रेडिट आणि उन्हाळ्यात एक-दोन विषय, असाच आराखडा पहिल्या दिवशी हातात हवा.

म्हणूनच माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा हा: ज्युकोला जायचंच ठरलं, तरी आधी त्याला 'क्वालिफायर' करून पाठवा. हा शिक्का पहिल्यांदा कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं त्या दिवशी कायमचा बसतो. उन्हाळ्यात तो एक विषय करून एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरकडून क्वालिफायर ठरला आणि मग ज्युकोला गेला, तर पदवीची सक्ती नाही. सत्राला सरासरी १२ ट्रान्सफर होणारी क्रेडिट आणि २.५ जीपीए असेल तर एका सत्रानंतरही बाहेर पडता येतं. तोच मुलगा तो विषय न करताच घाईने ऑगस्टमध्ये दाखल झाला तर दोन वर्षं बांधला गेला. एका विषयाने एवढा फरक पडतो.

खेळण्याच्या मुदतीचं थोडक्यात: २०२५-२६च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांची मुदत पूर्णवेळ कॉलेजपासून मोजतात, त्यामुळे प्रेपचं वर्ष तिच्यात धरत नाहीत आणि ज्युकोचं धरतात. ज्युकोत खेळलेले सीझन एनसीएएच्या हिशोबात मोजायचे की नाहीत यावर डिएगो पाव्हिया या कॉलेज फुटबॉलपटूने केलेल्या दाव्यात डिसेंबर २०२४मध्ये कोर्टाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला. तो न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युकोतून आलेला. त्यानंतर एनसीएएने अशा खेळाडूंना २०२५-२६साठी सूट दिली. त्या भरवशावर आपल्या मुलाची वर्षं आखू नका.

प्रेप स्कूल मी कुणाला सुचवते? ज्याचे विषय नीट आहेत पण बारावीचा सीझन दुखापतीत गेला, किंवा जो अजून वयाने-अंगाने लहान आहे, त्याला. लेशॉन मकॉय घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर मिलफर्ड अकॅडमीत वर्ष काढून पिट्सबर्गला गेला. शिस्तीसाठी म्हणून नको. सकाळी लवकर उठवायला शाळा आहे, पण बीजगणित त्यालाच करायचंय, आणि मिळणार एकच युनिट.

या आठवड्यात शाळेकडून ट्रान्सक्रिप्ट घ्या, बारावी सुरू होण्याआधी झालेले कोर विषय वेगळे काढा, त्यांतले डी अधोरेखित करा. कोचऐवजी त्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडूंच्या बाबतीत नियम पाळले जातात का ते बघणारं कार्यालय) ईमेल करा, अकॅडेमिक रेडशर्ट म्हणून घेणार का ते लेखी विचारा. मुलाचं आणि शाळेचं नाव झाकून विषय आणि ग्रेड इथे टाकलेत तर कुठला विषय पुन्हा करण्यासारखा आहे ते मी बसून बघते.