भूपेन हजारिका सोडून आसामच्या लोकगीतांत कोणाला ऐकावं?

तुम्ही विचारलंय की भूपेनदांच्या पलीकडे आसामचं कोणीच माहीत नाही, लोकगीतं गाणाऱ्यांपैकी एकच नाव सांगा आणि जरा त्यांच्याबद्दलही लिहा. एकच सांगायचं तर प्रतिमा बरुआ पांडे.

आसामच्या अगदी पश्चिम टोकाला धुबरी जिल्हा आहे, त्यात गौरीपूर. तिथल्या जमीनदार घराण्यातल्या त्या, लोक राजघराणंच म्हणायचे. १९३५ चा 'देवदास' काढणारे प्रमथेश बरुआ त्यांचे काका. जन्म १९३४ चा, कलकत्त्यातला, आणि सुरुवातीची शाळाही तिथलीच, गोखले मेमोरियल, म्हणजे आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची. तिथे रवींद्रसंगीत कानावर पडलं, नंतर गौरीपूरला आल्या. लोकगीतं मात्र त्यांना कुठल्याच गुरूने समोर बसवून शिकवली नाहीत, ती आली माहुतांकडून आणि गावातल्या बायाबापड्यांकडून.

कारण वडील. प्रकृतीशचंद्र बरुआ, सगळे लालजी म्हणायचे, हत्ती पकडण्यात त्यांचं नाव होतं. तेव्हा पाळीव हत्तीवर, म्हणजे कुनकीवर, बसून रानटी हत्तीच्या गळ्यात फास टाकायचे आणि तो फास टाकणाऱ्याला तिकडे 'फांदी' म्हणत. महिनोन्महिने जंगलात छावणी पडायची. पकडलेला हत्ती बांधून ठेवायचा, त्याचं अंग चोळायचं आणि तो शांत होईपर्यंत त्याला गाणी म्हणून दाखवायची, ही तिथली खरीखुरी पद्धत. म्हणजे गाणं हा त्या लोकांच्या कामाचाच भाग होता! (धाकटी बहीण पार्वती बरुआ तर स्वतःच हत्तींच्या कामात उतरल्या, त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली.)

या गाण्यांना गोवालपारिया लोकगीत म्हणतात. पूर्वी हा सगळा भाग गोवालपारा जिल्ह्यातच होता म्हणून हे नाव. बोली धड आसामी नाही धड बंगाली नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या शहरी लोकांना ती गावंढळ वाटायची, आणि मला प्रतिमाताईंचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं की राजवाड्यात वाढलेल्या या बाईने ती बोली घासूनपुसून गुळगुळीत केली नाही, माहुताच्या तोंडी जशी होती तशीच स्टेजवर आणली. 'तोमरा गेले कि आसिबेन मोर माहुत बंधु रे' ऐका. तुम्ही गेलात की परत याल का, असं माहुताला विचारणारी बाई आहे, आणि ती हे लाजून वगैरे विचारत नाही, उघड्या गळ्याने विचारते. चढ्या सुरावर गळा मध्येच मोडल्यासारखा होतो ना, ती चूक नाही, त्या भागातल्या भावैया गाण्याची, म्हणजे तिथल्याच लोकगीतांच्या एका प्रकाराची, ती खासियतच आहे. लोक सांगतात की खडबडीत वाटेवर बैलगाडी हाकताना गाणाऱ्याचा आवाज जसा हिसक्याने तुटतो तशातूनच हे आलं. सोबत दोतारा, म्हणजे तिकडचं टणटण वाजणारं तंतुवाद्य.

भूपेनदांचा यात मोठा हात आहे. १९५० च्या दशकात ते गौरीपूरला गेले तेव्हा त्यांनी हे गाणं ऐकलं, आणि 'एरा बाटर सुर' या आपल्या पहिल्या सिनेमात (१९५६) प्रतिमाताईंचा आवाज घेतला. त्याच सिनेमात लताबाईंचंही आसामी गाणं आहे, तेही जमलं तर ऐका. मग १९५८ ला 'माहुत बंधु रे' नावाचा सिनेमाच आला आणि ही गाणी आसामभर गेली.

पुढे १९८८ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९९१ ला पद्मश्री. लग्न गौरीपूरच्याच कॉलेजात प्राचार्य असलेल्या गंगाशंकर पांडे यांच्याशी. नाव एवढं झालं तरी घर गौरीपूरलाच ठेवलं, ज्यांची गाणी त्यांच्यातच राहिल्या, याचं मला फार कौतुक आहे. २००२ च्या डिसेंबरात गेल्या.

ऐकताना सुरुवात वर सांगितलेल्या माहूत गाण्यापासून करा, मग 'हस्तीर कन्या'. नवीन लोकांनी कीबोर्ड घालून केलेली व्हर्जन्स नेटवर भरपूर सापडतील, ती आधी ऐकू नका, त्यात तो मोडणारा आवाज सपाट करून टाकलेला असतो. जुनी, दोतारा स्पष्ट ऐकू येणारी रेकॉर्डिंग्ज शोधा. आणि पहिल्यांदा शब्द कळले नाहीत तरी दोन-तीनदा ऐका, बंगाली थोडं येत असेल तर अर्धं तसंच समजेल.