फायनान्स हा विषयच नसलेल्या कॉलेजातून बँकेत जाता येतं का?

तुमचा प्रश्न असा: मुलीला अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (एका व्यवसायाऐवजी अनेक विषयांचं सर्वसाधारण शिक्षण देणारं छोटं कॉलेज) प्रवेश मिळालाय, तिथे फायनान्सचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नाही आणि तिला इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचंय. मग बिझनेस स्कूलच बरं नाही का? मी बरीच वर्षं ॲनालिस्टच्या, म्हणजे बँकेतल्या पहिल्या पायरीच्या नोकरीच्या, मुलाखती घेतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विल्यम्स आणि ॲमहर्स्ट या नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजांतही फायनान्सचा मेजर नाही, तरी तिथली मुलं दरवर्षी वॉल स्ट्रीटवर येतात. केकेआर या बड्या गुंतवणूक कंपनीचे संस्थापक हेन्री क्रॅव्हिस आणि जॉर्ज रॉबर्ट्स क्लेअरमॉन्ट मॅकेना या अशाच कॉलेजचे. अमेरिकन एक्स्प्रेसचे माजी प्रमुख केनेथ शेनॉल्ट बोडन कॉलेजात इतिहास शिकले. ही झाली माहितीपत्रकातली नावं. प्रत्यक्षात उपयोगी पडतात ते दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले माजी विद्यार्थी. अर्जांच्या ढिगातून कुठला वर काढायचा, हे बरेचदा आतल्या माणसाच्या शब्दावर ठरतं, आणि छोट्या कॉलेजची माणसं आपल्या पोरांसाठी शब्द टाकतात. अनोळखी ज्युनिअरने ईमेल केला तरी वीस मिनिटं फोनवर बोलतात. करिअर सेंटरचं अर्धं काम म्हणजे ही ओळख करून देणं.

पण हे सगळं लवकर सुरू करावं लागतं. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हाच नोकरीचा मुख्य दरवाजा, आणि तिची भरती आता वर्षभर आधीच, दुसऱ्या वर्षात, सुरू होते. 'आधी सगळे विषय चाखून बघ' हा कॉलेजचा सल्ला एरवी छान, इथे महागात पडतो.

आणि मुलाखतीतल्या हिशेबाच्या प्रश्नांची टेक्निकल तयारी तिची तिलाच करायची आहे. नेहमीचा प्रश्न घ्या: घसारा १० डॉलरने वाढला तर तिन्ही स्टेटमेंट्सवर (नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक, ताळेबंद) काय होईल? कर २० टक्के धरला तर निव्वळ नफा ८ ने घटतो. घसाऱ्यात रोकड जात नाही, म्हणून ते १० परत मिळवायचे. रोकड २ ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १० ने कमी, रोकड २ ने जास्त, भागधारकांचा निधी ८ ने कमी, जुळलं. इतिहासाची विद्यार्थिनीही हे काही आठवड्यांत शिकते. अडखळली तर मात्र 'मी इतिहासाची' म्हणून सूट मिळत नाही. स्टुडंट इन्व्हेस्टमेंट क्लब असेल तर पहिल्याच सत्रात जाऊ दे. तिथले सीनियर हेच प्रश्न विचारून घोटून घेतात. क्वांट ट्रेडिंगची, म्हणजे गणिती मॉडेल्सवर चालणाऱ्या खरेदी-विक्रीची, वाट वेगळी. तिथे गणित आणि कोडिंगच बघतात.

ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल तर आणखी एक चौकशी करा, कारण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. पदवीनंतर ओपीटीवर (या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवी असेल तर आणखी २४. काही कॉलेजांनी अर्थशास्त्राचा मेजर ४५.०६०३ या सरकारी विषय-कोडखाली, म्हणजे स्टेममध्ये, नोंदवलाय; काहींनी नाही. होकार कळवण्याआधी कॉलेजकडून हे लेखी घ्या, आणि गेल्या दोन वर्षांत कुठल्या बँकांनी किती मुलं घेतली, त्यात परदेशी किती, हेही विचारा.