कल, कौल आणि सकाळचे विधी

प्रश्न बडोद्यातल्याच एका ताईंचा आहे. दांडिया बाजारात त्यांच्या घरी महिन्यातून एकदा मराठी मंडळी जमतात, चहा-चिवड्यावर गप्पा होतात. पुढच्या बैठकीचा विषय ठरला तो इंग्रजीत: इन्ट्युइशन, रिच्युअल आणि मॉडर्न स्पिरिच्युॲलिटी. पत्रिका मात्र मराठीत हवी. एकीने सुचवलं, 'अंतर्ज्ञान, विधी आणि आधुनिक अध्यात्म'. दुसरी म्हणाली, 'मनाचा कौल' ठेवा. त्यावर एका विद्वान गृहस्थांनी हरकत घेतली, की 'कौल' हा कौलमार्गी तांत्रिकांचा शब्द, तो 'कुल'पासून आला, सोज्वळ बैठकीच्या पत्रिकेवर शोभणार नाही. ताई विचारतात, कोणाचं खरं?

आधी 'विधी' निकालात काढू. हल्ली कोणी सकाळी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन पाच मिनिटं डोळे मिटून बसलं, की ते त्याचं 'मॉर्निंग रिच्युअल' होतं. त्याचं मराठी 'सकाळचे विधी' असं करणाऱ्यांना मी हात जोडतो. ताई, मराठीत सकाळचा विधी एकच, आणि तो दार लावून करायचा असतो. 'माझे सकाळचे विधी तुमच्याशी शेअर करते' असं एका मुलीला हसतमुखाने सांगताना मी ऐकलं आहे. तेव्हापासून मला तो शब्द पत्रिकेवर सोसत नाही.

'अंतर्ज्ञान' चूक नाही, पण कोरडा आहे. कोणाच्या घरात तो बोलला जातो? 'प्रातिभ' हा जुना आणि नेमका शब्द. योगसूत्रांत 'प्रातिभाद्वा सर्वम्' आहेच. पण तो छापलात तर निम्मी मंडळी विचारतील, ही प्रतिभाताई कोण, वक्त्या का? राहू द्या.

गंमत अशी, की इन्ट्युइशनला नाम शोधत बसणं हीच मुळात इंग्रजीची खोड आहे. मराठी माणूस हे काम क्रियापदाने उरकतो आणि कर्तेपद मनाला देतो. स्थळ चांगलं आहे, पत्रिका जुळते, पण 'मन घेत नाही'. पैसे द्यायचे आहेत, पण 'मन धजत नाही'. काही बिनसलं आहे हे कळतं तेव्हा 'पाल चुकचुकते'. माझ्या मावशीला तिच्या नातीने विचारलं, "आजी, तुला गट फीलिंग येतं का?" मावशी म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांनी मांडवीतली ती खोली घ्यायची ठरवली तेव्हा माझं मन घेतच नव्हतं. जिन्यात उभी राहिले आणि वर जावंसं वाटेना." नात म्हणाली, "तेच ते!" मावशी म्हणाली, "मग तेच म्हण की."

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठपासून वाहिन्या ओरडत असतात, 'सुरुवातीचे कौल हाती!' अहो, सुरुवातीचे असतात ते कल. कल म्हणजे झुकाव. पारडं कलतं, दिवस कलतो, मुलांची कल चाचणी घेतात. कौल शेवटी एकदाच लागतो. दुपारपर्यंत चार वेळा बदलतो तो कौल कसा? निवेदकांना 'कल' हा 'कौला'चा लाडका संक्षेप वाटत असावा. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि हे मी वाहिन्यांना दोनदा लिहून कळवलं आहे.

'कौल' अरबी आहे. मूळ 'क़ौल', म्हणजे बोल, उच्चारलेला शब्द, म्हणून वचन. फारसीतून तो आपल्याकडे आला तो देवळाच्या दारातून नव्हे, कचेरीच्या दारातून. गाव ओस पडलं, रयत परागंदा झाली, की सरकार कौल देत असे: या, जमीन कसा, पहिल्या सालात इतकाच सारा घेऊ, पुढे चढता घेऊ, तगादा लावणार नाही. तो कागद म्हणजे कौलनामा. किल्ल्यात कोंडलेली शिबंदी कौल मिळाला की हत्यार टाकून खाली उतरे. जिवाला धक्का लागणार नाही हा सरकारचा शब्द. 'कौलकरार' हा जोडशब्द अजून जिवंत आहे. आणि आपण बडोदेकरांनी तर याबाबत शंका काढूच नये, कारण शेजारचे गुजराती रोज 'कोल आप्यो' म्हणतात, म्हणजे वचन दिलं. कव्वालीही याच कुळातली. पैगंबरांचं वचन सुरात बांधलं की त्या रचनेला कौल म्हणतात. तो गाणारा कव्वाल. म्हणजे आमच्या कोकणातला, देवाचा कौल लावणारा गुरव आणि दर्ग्यातला कव्वाल शब्दापुरते चुलतभाऊ निघाले. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री साडेअकरा वाजता मी बायकोला उठवून सांगितलं होतं. तिने कूस बदलली.

तेव्हा त्या विद्वान गृहस्थांना सांगा, की कौलमार्ग आहे, 'कुल'पासून आहे, संस्कृत आहे, सगळं मान्य. पण तो शब्द वेगळा. वेलांटी-मात्रा जुळल्या म्हणून नातं जुळत नाही. देवाच्या कौलाची क्रियापदं पाहा: देव कौल 'देतो', आपण कौल 'घेतो', 'मागतो'. हुबेहूब तीच जी कौलनाम्याच्या कागदांत आहेत. पंथ कोणी 'देतो' का? मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशातसुद्धा या शब्दापुढे अरबीची खूण आहे. पण प्रत्येक मराठी शब्दाला सोवळं नेसवून संस्कृताच्या पंगतीला बसवायचं, हा इतिहासाचार्य राजवाड्यांच्या वेळेपासूनचा छंद आहे. राजवाड्यांना तो शोभत होता. त्यांनी निदान दप्तरं वाहून नेली. यांनी काय वाहिलं? यापेक्षा फार्शी-मराठी कोश चाळावा. तो १९२५मध्ये करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, जन्मले आपल्या बडोद्यातच. अर्थात पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले आणि फारसी शब्द मराठीतून काढा म्हणू लागले. घरातल्या सगळ्या पाहुण्यांची यादी करून मग त्यांना घालवायला निघावं, तसं.

आता माझा लाडका सिद्धान्त. ज्यांना घाई आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा, पण गाळू नये. माझं म्हणणं असं, की सामान्य माणसाला 'ज्याचा शब्द फिरत नाही' असा अधिकारी कोण माहीत होता? सरकार. मग देवाचा शब्द मागायची वेळ आली तेव्हा त्याने सरकारचीच भाषा उचलली. गुजरातेत माताजीला विचारायचं असतं तेव्हा 'रजा' मागतात. भुवा, म्हणजे तिथला भगत, दाणे टाकतो, चिमटीत आलेले मोजतो, आणि माताजीची रजा मिळाली की नाही ते सांगतो. ही रजा अरबी 'रिज़ा', म्हणजे संमती. आपण कचेरीत टाकतो ती रजाही हीच, आणि राजीनामा तिच्याच घरचा. पंजाबात रोज ग्रंथसाहेब उघडून जे पान निघेल ते वाचतात, त्याला 'हुकमनामा' म्हणतात. आपल्या देवाची रात्रीची मिरवणूक म्हणजे छबिना. तो फारसी 'शबीना', मूळचा रात्रीचा पहारा. अबीर अरबी. दरबार तर सगळ्यांच्याच देवांचा. कौल, रजा, हुकूम: तीन मुलखांत तीन देव, आणि तिघांचाही कारकून एकाच कचेरीतून आलेला!

ग्वाल्हेरला तर हे सगळं एका जागी दिसतं. शिंद्यांचे गुरू बीडचे सूफी संत मन्सूरशाह. गोरखी या जुन्या वाड्यातल्या देवघरात त्यांचा उरूस होतो, तेव्हा घराण्याचा प्रमुख चवरी ढाळीत बसतो, फूल खाली पडेपर्यंत. फूल पडलं की बाबांचा आशीर्वाद मिळाला. याला तिथे कौल म्हणत नसतील, पण कोकणातला कोणताही गुरव हे पाहून म्हणेल, की अरे, हे तर आमचंच.

यावर ताई म्हणतील, की हे सगळं बाहेरच्या देवाचं झालं, आम्ही आतल्या आवाजाबद्दल बोलणार आहोत. मग आपल्याच शहरातली गोष्ट सांगतो. अरविंद घोष, म्हणजे पुढचे योगी श्रीअरविंद, इथे १८९३पासून तेरा वर्षं नोकरीत होते. सुरतेची काँग्रेस फुटल्यावर जानेवारी १९०८मध्ये ते पुन्हा बडोद्याला आले आणि इथे त्यांची विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत दोघे बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरायच्या आधीच परतवा. तीन दिवसांत मन शांत झालं. पुढे मुंबईत व्याख्यान होतं आणि डोक्यात एकही विचार नाही. लेल्यांचा सल्ला: श्रोत्यांना नमस्कार करा आणि वाट पाहा, शब्द येतील. ते आले. पुढे आयुष्यभर ज्या माणसाने इन्ट्युइशन या शब्दावर पानंच्या पानं लिहिली, त्याला तिची मराठी शिकवणी बडोद्याच्या वाड्यात मिळाली होती! लेल्यांनी त्या दिवशी कोणता मराठी शब्द वापरला असता यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पण 'नमस्कार करा आणि वाट पाहा' ही रीत कौल लावण्याचीच. विचारायचं, हात जोडायचे, आणि मध्ये आपलं बोट घालायचं नाही.

ही रीत काय असते ते मी जवळून पाहिलं आहे. आमचं मूळ गाव तळकोकणात. पंचवीस वर्षांपूर्वी तिथलं घर विकावं का, म्हणून आम्ही तिघे भाऊ ग्रामदेवतेपुढे उभे राहिलो. गुरवाने पहिलं काम काय केलं असेल, तर गाभाऱ्याबाहेरचा पंखा बंद करायला लावला. मग पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा..." आम्ही मागून "होय म्हाराजा". उजवी पडली तर विका, डावी पडली तर नको. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. पाणी सुकत चाललं तशी उजवीकडची एक पाकळी वरच्या टोकाला सुटली, पुढे झुकली. मधला भाऊ पुटपुटला, "झालं, विका." गुरवाने नुसता हात वर केला. पाकळी कलली होती, पडली नव्हती. मिनिटभर तशीच लोंबत राहिली, आणि तेवढ्यात डावीकडची, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, टपकन खाली आली. भाऊ म्हणाला, "पुन्हा लावून बघू या का?" गुरव पूजेचं तबक आवरता आवरता म्हणाला, "देवान दिल्यान तो दिल्यान. परत इचारूचा नाय."

कल आणि कौल यांतला फरक वाहिन्यांना कळवताना मी हीच गोष्ट लिहिली होती. उत्तर आलं नाही.

पत्रिकेचं राहिलंच. ताई, 'मनाचा कौल' बिनधास्त छापा. त्यात तांत्रिक काही नाही, असलंच तर थोडं महसुली आहे. बारकाईनेच जायचं तर बैठकीत बायका सांगतील त्या निम्म्या गोष्टी कौलाच्या नसून कलाच्या असतील. मावशीची जिन्यातली गोष्ट मी तरी कलात धरीन, तिने आजोबांना 'नाही' म्हटलं तिथून पुढे कौलात. 'आधुनिक अध्यात्म' ठेवायचं तर ठेवा, मला त्यातलं आधुनिक काय ते अजून दिसलेलं नाही. 'विधी' काढा. 'रीत' घाला, नाहीतर 'नेम' घाला. रोज पाच मिनिटं डोळे मिटणाऱ्या बाईचा तो नेम असतो, आणि नेम चुकला की चुटपुट लागते, हाही अर्थ त्यात आपोआप येतो.

आणि कोणी म्हणालंच, की कौल हा शब्द छपराच्या कौलावरून आला, कारण देवळावर कौलं असतात (हेही मला एकाने गंभीरपणे सांगितलं आहे), तर त्याला लिंग विचारा. देवाचा 'तो कौल', छपराचं 'ते कौल'. दोघांची गाठ माझ्या माहितीत एकदाच पडली. ते घर त्या डाव्या पाकळीमुळे विकलं नाही, आणि तेव्हापासून आम्ही त्याची कौलं दोनदा बदलली.