ट्रेनिंगला एकटाच चाललायस, फोटो काढायचेत?

भाऊ, भुसावळला ट्रेनिंग, ओळखीचं कोणी नाही, मोकळंही वाटतंय आणि घरची आठवणही येतेय, हे सगळं फोटोत आणायचंय ना, जरूर कर. मोबाईल पुरतो, नवा कॅमेरा घेऊ नको.

१. उदास चेहऱ्याचे सेल्फी नको, नवे लोक तिथेच अडकतात. वस्तू बघ. मेसमधली समोरची रिकामी खुर्ची, दोरीवर एकटाच टॉवेल, घरून दिलेल्या कळण्याच्या भाकरीचा उघडा डबा आणि त्याला टेकून ट्रेनिंगची फाईल. झूम करू नको, फोटो फाटतो, स्वतः जवळ जा, इतकं की भाकरीवरचे बोटांचे ठसे दिसले पाहिजेत.

२. फ्लॅश बंद, खिडकीशी ये. आपल्याकडचं दुपारचं ऊन फार कडक, बाहेरचे फोटो सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी.

३. फक्त एकटेपणाच टिपत बसू नको, हे मला फार महत्त्वाचं वाटतं! संध्याकाळी कोणालाही न विचारता शेवभाजी खायला निघालास, त्याचा आनंदपण काढ, दोन्ही शेजारी ठेवले की खरं दिसतं. लोकांचे फोटो मात्र विचारूनच.

मॅन्युअल मोड, एडिटिंग नंतर बघू. पहिल्या दोन दिवसांचे पाठव, बघून सांगतो.